शेवटचा हात

घरातील एखादी वस्तू बंद पडली म्हणजे वडील माणसाच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो तो ‘हिला काय झाले?’ असा नसतो. ‘हिला शेवटी हात कोणी लावला होता?’ असा असतो. हा प्रश्न इतका सहज येतो की, त्यात एक संपूर्ण न्यायालय दडलेले आहे याची विचारणाऱ्यास कल्पनाही नसते. चौकशी, साक्ष, निकाल आणि शिक्षा ही सारी त्या एका वाक्यात उरकून जातात. तर्कशास्त्र हा विषय आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहोत, त्यामुळे या प्रश्नातील हेत्वाभास आम्हांस पाठ आहे. ‘यानंतर, म्हणून यामुळे’ अशी त्याची सुटसुटीत ओळख आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी ती दरवर्षी उतरवून घेतात. परंतु फळ्यावरचा हेत्वाभास निराळा आणि स्वतःच्या घरातला निराळा. हा निराळेपणा आम्हांस गेल्या उन्हाळ्यात एका दूरचित्रवाणी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दाखवून दिला. ती हकीकत सांगताना आम्हांस काही ठिकाणी आमच्याच विरुद्ध बोलावे लागेल. त्यास इलाज नाही.

आमच्या मातोश्रींचे वय आज 84 वर्षांचे आहे. औरंगपुऱ्यातील जुन्या घरी त्यांच्या खोलीत जाड पाठीचा, 21 इंची काचेच्या चित्रनळीचा एक संच 2003 सालापासून आहे. तो वैशाखातल्या एका संध्याकाळी बंद पडला. कळ दाबली की आत पाल चुकचुकावी तसा ‘टक्, टक्’ आवाज येई, तांबडा दिवा लुकलुके आणि पडदा मात्र काळाच राही. घरातील तरुण मंडळींनी तत्काळ निकाल दिला की, आता नवा चपटा संच आणावा. तो आणलाही. पण त्याच्या रिमोटवर मातोश्रींचे बोट बसेना, आणि ‘माझ्या डब्याला काय झालंय ते आधी बघा’ हा त्यांचा आग्रह काही सुटेना. म्हणून आम्ही जुने संच दुरुस्त करणारा मनुष्य शोधू लागलो. हे काम वाटते तितके सोपे नाही. ज्या दुकानांत पूर्वी उघडे संच एकावर एक रचलेले असत, त्यांतील बहुतेकांत आता मोबाईलची झाकणे टांगलेली दिसतात.

अखेरीस जो मनुष्य मिळाला तो आमच्याच वयाचा होता आणि त्याने उमेदीची वर्षे चितेगावच्या कारखान्यात काढली होती. आमच्या शहराचे नाव त्या काळी औरंगाबाद होते. 2023 पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. दूरचित्रवाणीशी या शहराचा संबंध नुसता गिऱ्हाइकाचा नव्हता. मुंबईस दूरचित्रवाणी 1972 साली आली, रंगीत प्रक्षेपण 1982 साली सुरू झाले, आणि 1984 च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपकांची साखळी उभी राहून ही चैन जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. त्यानंतर थोड्याच वर्षांत पैठण रस्त्यावर चितेगाव येथे धूत बंधूंच्या व्हिडिओकॉन कंपनीच्या कारखान्यात रंगीत संच तयार होऊ लागले. आसपासच्या खेड्यांतील किती तरी मुलांनी हातात पहिली कावी धरली ती तेथे. 2018 साली त्या कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. ती कथा मोठी आहे आणि येथे तिचे प्रयोजन नाही. हा कारागीर मात्र त्या काळाविषयी बोलताना मालकांबद्दल चकार शब्द काढीत नसे. बोले ते फक्त टेबलावरच्या शिस्तीबद्दल.

ती शिस्त आम्ही एक सबंध दुपार पाहिली. वाचकांपैकी ज्यांस या यंत्राच्या अंतरंगाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. संचातील वीजपुरवठ्याचा भाग, ज्याला ही मंडळी नुसते ‘सप्लाय’ म्हणतात, तो त्या संचाचे स्वयंपाकघर होय. भिंतीतून येणारी वीज 230 व्होल्टची आणि सेकंदास 50 वेळा आवर्तन पावणारी असते. ती प्रथम काचेच्या एका लहानशा फ्यूजमधून जाते, मग चार डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात, आणि एका मोठ्या कंडेन्सरमध्ये ती सुमारे 325 व्होल्टवर साठते. हा कंडेन्सर म्हणजे पाण्याचा रांजण. नळ कमीजास्त येवो, रांजणातून उपसा सारखाच मिळावा, अशी ती योजना आहे. पुढे एक ट्रान्झिस्टर या साठ्याचे सेकंदास हजारो वेळा तुकडे करतो, आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर त्या तुकड्यांतून ज्याला जे हवे ते वाढतो. चित्राच्या आडव्या रेघा ओढणाऱ्या भागास शंभर-सव्वाशे व्होल्ट लागतात, आवाजास त्याहून पुष्कळ कमी, आणि बाकीच्या किरकोळ मंडळींस पाच-बारा.

आता पंगतीत कोणी उपाशी राहिला की स्वयंपाकघरास दोष देण्याचा आपला परिपाठ आहे. आम्हीही कारागिरास म्हणालो की, सप्लाय गेलेला दिसतो. तो म्हणाला, “सर, सप्लाय गेला का सप्लायनं हात आखडता घेतला, ते आधी बघू.” त्याने प्रथम फ्यूज पाहिला. फ्यूज शाबूत होता. फ्यूजच्या काचेवरही पुष्कळ लिहिलेले असते असे तो म्हणाला. आतली तार नुसतीच मधोमध तुटली असेल तर भार थोडाच वाढला होता किंवा तार जुनी झाली होती. काच काळी पडून तिला आरशासारखी झळाळी आली असेल तर आत कोठे तरी सरळ शॉर्ट आहे, आणि अशा वेळी नवा फ्यूज घालणे म्हणजे त्याचाही बळी देणे. नंतर त्याने 100 वॅटचा एक साधा दिवा मध्ये जोडून संचास वीज दिली. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटून राहतो. नसेल तर क्षणभर पेटतो, रांजण भरला की मंदावतो. येथे तो मंदावला. मग त्याने रेघा ओढणारा भाग सप्लायपासून तोडला आणि त्याच्या जागी 60 वॅटचा दुसरा दिवा लावला. ‘टक् टक्’ बंद झाली आणि दिवा शांतपणे जळू लागला. मीटरवर 110 व्होल्टचा आकडा स्थिर उभा राहिला. स्वयंपाकघर निर्दोष सुटले. पुढच्या भागातील एक ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन सगळे अन्न गिळू पाहत होता, म्हणून सप्लाय दर खेपेस दार उघडून पुन्हा मिटून घेत होता. आम्हांस जी बिघाडाची खूण वाटली, ती वस्तुतः संरक्षणाची खूण होती.

येथे आमच्यासारखा मनुष्य थांबला असता. ट्रान्झिस्टर जळला, ट्रान्झिस्टर बदलला, काम झाले. कारागीर थांबला नाही. “मेला हा, खरंय. पण मारला कोणी?” असे पुटपुटत त्याने पाटी उलटी केली, भिंग लावले, आणि त्या ट्रान्झिस्टरला हुकूम पोहोचवणाऱ्या लहान ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी डाखाला पडलेली केसासारखी गोल चीर आम्हांस दाखवली. 20 वर्षे तापून आणि निवून ती पडली होती. नवा ट्रान्झिस्टर नुसता घातला असता तर तोही थोड्या दिवसांत गेला असता. (हे सर्व वाचून कोणी घरी पेचकस हातात घेऊ नये. प्लग काढल्यावरही त्या रांजणात प्राणघातक साठा शिल्लक राहू शकतो. कारागिराने प्रत्येक वेळी तो आधी रिकामा केला, आणि आम्हांस दोन हात दूर बसवले.)

चहा घेताना त्याने एक गोष्ट सांगितली. एका गल्लीत एकदा वादळी पावसात खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. तसे झाले म्हणजे काही घरांत व्होल्ट उतरतात आणि काही घरांत 230 च्या जागी 400 च्या जवळपास चढतात. त्या संध्याकाळी एकाच गल्लीतून त्याच्याकडे सात संच आले. ‘आणि सर, सातही घरचे सांगत होते की आमच्या पोरानं काहीतरी केलं.’ सात घरांत सात शेवटचे हात सापडले होते. तार मात्र एकच तुटली होती, आणि ती पाहण्यास कोणी वर मान केली नव्हती.

मिल्लने 1843 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, कारण म्हणजे कार्यास आवश्यक अशा सर्व परिस्थितींचा समुच्चय. परंतु लोक त्यांतून एखादीच उचलतात आणि तिलाच ‘कारण’ ही पदवी देतात. कोणती उचलावी याचा नियम नाही. बहुधा जी सर्वांत शेवटी घडली किंवा डोळ्यांत भरली ती उचलली जाते. आमचे नैयायिक याहून काकणभर चोख. कुंभाराचे गाढव माती घेऊन येते, म्हणून ते घटाचे कारण ठरत नाही. ते तेथे होते एवढेच. अशा नुसत्या हजर असलेल्यास त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ हे नाव ठेवून बाजूस सारले. हा दृष्टान्त वर्गात फार खुलतो आणि आम्ही तो आजवर हसत हसत सांगत आलो.

चहा झाल्यावर आम्हांस सहज आठवण झाली की माळ्यावर आणखी एक संच आहे. हा तीर्थरूपांनी 1985 साली घेतलेला, गल्लीतील पहिला रंगीत संच. तो कोणत्या कंपनीचा, हे सांगण्याचे कारण नाही. तिचा यात अपराध नव्हता. 1988 च्या मे महिन्यातील एका रविवारी सकाळी, ‘रामायण’ सुरू होण्याच्या वेळेस, आमच्या दिवाणखान्यात 40 माणसे तरी बसलेली होती. पुढे लहान मुले, मागे बायका, दारात पुरुष. कळ दाबण्याचा मान त्या दिवशी आमच्या 13 वर्षांच्या धाकट्या भावाने मागून घेतला होता. त्याने कळ दाबली, आत ‘फट्’ असा आवाज झाला, आणि पडदा उजळलाच नाही. 40 माणसे उठून गेली. तीर्थरूपांनी सर्वांदेखत त्यास दोन चपराका दिल्या, आणि त्या दिवसापासून घरात त्याचे नाव ‘जाळ्या’ पडले. दिवा गेला, पंखा अडला, इस्त्री तापेनाशी झाली, की ‘जाळ्याने हात लावला काय?’ असे विचारून सगळे हसत. आम्हीही हसत असू. पुढे तो यंत्रांच्या वाटेस कधी गेला नाही. आज बँकेत अधिकारी आहे, आणि घरातील दिवासुद्धा पत्नीकडून बदलून घेतो. हे त्या दोन चपराकांमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे ज्या हेत्वाभासाविरुद्ध लिहीत आहोत त्याच्याच गळ्यात माळ घालणे होय.

कारागिराने तो संच उघडला. प्रथम दिसले ते हे की, फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली होती. त्या घटनेनंतर कोणी तरी संच दुरुस्त करून गेला होता, पंधरा दिवसांत तो पुन्हा बंद पडला होता, पुन्हा कोणी तरी येऊन गेला होता, आणि शेवटी ही तार घालून संचाचे तोंड कायमचे बंद करण्यात आले होते. कारागीर एवढ्या वेळात पहिल्यांदाच रागावला. दुसरी दिसली ती रांजणाची, म्हणजे मोठ्या कंडेन्सरची दशा. एका तापणाऱ्या जाड रेझिस्टरच्या अगदी कुशीत तो उभा होता, आणि त्या बाजूस त्याचे आवरण भाजून आक्रसले होते. त्यामागचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होता.

“हा कंडेन्सर आधी वाळला असणार,” तो म्हणाला. “मग ट्रान्झिस्टरवर ताण आला, तो तापत गेला, आणि एक दिवस कळ दाबताना बसला.” लगेच त्याने स्वतःलाच अडवले. 37 वर्षांत कोणताही कंडेन्सर वाळतोच. म्हणून आज तो वाळलेला आहे यावरून त्या दिवशी तो वाळलेला होता असे सिद्ध होत नाही. साक्षीदार वृद्ध झाला, त्याच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. एवढी सावधगिरी आमच्या विषयातील किती प्राध्यापकांच्या अंगी असते, हे आम्ही येथे लिहीत नाही. मग त्याने आमच्याकडे पाहून विचारले, “सर, बंद पडायच्या आधी काही दिवस चित्राच्या कडा लाटेसारख्या हलत होत्या का? एक काळा पट्टा खालून वर सरकायचा का?”

होय. हलत होत्या. पट्टाही सरकत असे.

हे ठाऊक असलेला मनुष्य त्या घरात एकच होता. त्या वर्षी आम्ही बारावीची परीक्षा दिली होती. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर निजत, आणि ते निजले की आम्ही हळूच खाली येऊन आवाज अगदी बारीक करून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत संच पाहत बसत असू. आठवडाभर तरी ती लाट आणि तो पट्टा आम्ही रोज पाहत होतो. शेवटच्या दोन रात्री तापलेल्या वार्निशासारखा वासही येत होता. आम्ही कोणास बोललो नाही. बोललो असतो तर ‘तू रात्री पाहत होतास काय?’ हा प्रश्न आला असता, आणि संच आठ दिवस दुरुस्तीस गेला असता. रविवारी भावाने कळ दाबली तेव्हा आम्ही दाराशी उभे होतो. त्याच्या गालावर हात पडला तेव्हाही तेथेच होतो.

तेव्हा कारण कोण, आणि दोषी कोण? येथे नैयायिकांचे गाढव उपयोगी पडत नाही. भावाचे कळ दाबणे अन्यथासिद्ध नव्हते. त्याने ती दाबली नसती तर त्या क्षणी ट्रान्झिस्टर बसला नसता. म्हणजे कारणसमुच्चयात त्याचे बोट होते. पण कळ ही दाबण्यासाठीच असते. ज्या क्रियेसाठी वस्तू केली ती क्रिया करणारा कारण होईल, दोषी होणार नाही. कारण आणि दोष ही दोन खाती निराळी आहेत, आणि ‘शेवटचा हात कोणाचा’ हा प्रश्न पहिल्या खात्यातील नोंद बेलाशक दुसऱ्यात लिहितो.

यावर उलट बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. असे मागे मागे जाऊ लागलो तर दोष कोठेच ठरणार नाही. मुलाच्या मागे ट्रान्झिस्टर, त्याच्या मागे कंडेन्सर, त्याच्या मागे तो रेझिस्टरच्या कुशीत उभा करणारा आराखडा, त्याच्या मागे आमच्या गावचे ऊन आणि रात्री झोके घेणारी वीज. सगळीच कारणे, मग अपराधी कोण? हा युक्तिवाद कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सर्वांस प्रिय आहे, आणि आम्हांसही त्या दुपारी तो अतिशय गोड वाटला. 17 वर्षांच्या मुलास कंडेन्सर म्हणजे काय हे कोठे ठाऊक होते?

ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु लपवावे इतके ठाऊक होते. कारागीराच्या पद्धतीत या आक्षेपास उत्तर आहे असे आम्हांस वाटते. तो मागे मागे जातो, पण अनंतापर्यंत जात नाही. जेथे इशारा मिळाला होता आणि तो दाबला गेला, तेथे थांबतो. फ्यूज हा इशारा होता. त्याच्या जागी जाड तार घालणाऱ्यास तो ‘अडाणी’ म्हणाला नाही, त्याहून कठोर शब्द त्याने वापरला, कारण तार पिळणाऱ्यास आपण काय करीत आहोत हे पुरते माहीत होते. कंडेन्सर वाळला, त्याचा दोष नाही. आराखडा चुकला, ती चूक. पण हलणाऱ्या कडा पाहून जो गप्प बसला आणि दुसऱ्याच्या गालावर निकाल लागताना जो पाहत राहिला, तो तांब्याच्या तारेच्या जातीचा. यातही त्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्या मौनामुळे संच गेला; तो तसाही कधी तरी गेलाच असता. दुसऱ्या मौनाची भरपाई कोणत्या दुकानात मिळत नाही, आणि ते पुढे 37 वर्षे चालू होते.

तीर्थरूप आता नाहीत. त्यांच्यापुढे कबुली देण्याची सोय राहिली नाही. कारागिराने आमच्या मातोश्रींचा संच त्याच संध्याकाळी चालू करून दिला. जुना संच मात्र तो हौसेने घेऊन गेला, आणि महिन्याभराने नवा कंडेन्सर, नवा ट्रान्झिस्टर आणि खरा काचेचा फ्यूज घालून परत आणून दिला. पैसे फक्त सामानाचे घेतले.

त्या रात्री आम्ही भावास पुण्यास फोन केला आणि सर्व सांगितले. लाट, पट्टा, वास, गच्ची, काही वगळले नाही. तो बराच वेळ बोलला नाही. फोन तुटला की काय, असे आम्हांस वाटले.

“दादा,” तो अखेर म्हणाला, “तो सेट लागतो का आता?”

कारागिराने आपल्या टेबलावर दिवा मध्ये घालून लावून पाहिला होता, चित्र नव्हते पण पडदाभर पांढरे दाणे छान स्वच्छ आले होते, आणि घरी आणल्यापासून आम्ही तो अजून लावलेला नाही, असे आम्ही सांगितले.

“मग लावू नका,” तो म्हणाला. “मी रविवारी येतो. आईला सांगून ठेव, तोवर कोणी त्याला हात लावायचा नाही.”